येळवशीच्या रात्री आकाशदर्शन : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

ग्रुपवर परत तेच सुरू झालंय, कोकणात जाऊ, बीचवर आडवं पडून तारे बघू, रील पण भारी येतील. क्लासच्या पोरांनी कुठंतरी समुद्रावर उगवलेल्या आकाशगंगेचा फोटो बघितला आणि तेव्हापासून डोक्यात समुद्रच शिरलाय. आता लातूरहून कोकण म्हणजे सोलापूर, कोल्हापूर, मग घाट, एका बाजूनं चारशे किलोमीटरच्या पुढं, जाण्यात एक दिवस, येण्यात एक दिवस, आणि नीटची तयारी करणाऱ्या पोरासाठी तीन दिवसांची सुट्टी मागायची तर त्याचे आईबाप आधी मलाच फोन करतील. (मी क्लासमध्ये फिजिक्सचे डाऊट सोडवतो, संध्याकाळी चार ते नऊ, म्हणून हे खूळ माझ्याच गळ्यात.)

अंतर सोडा, खरी अडचण दुसरीच आहे आणि ती कुणाच्याच ध्यानात येईना. आपल्याला जायचंय अमावस्येला, कारण चंद्र नको. अमावस्येला समुद्राला उधाण असतं, आणि कोकण किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती साधारण दुपारी आणि रात्री अकरा-बाराच्या सुमारास येते. म्हणजे डिसेंबरात मृग नक्षत्र माथ्यावर यायची वेळ आणि आपल्या सतरंजीखाली पाणी यायची वेळ एकच. वरून हवेत दमटपणा, क्षितिजाजवळचे तारे धुरकट होऊन गायब, भिंगावर खारट ओल, आणि हॉटेलवाल्यांचे वाळूकडं तोंड करून लावलेले फोकस ते वेगळेच. कोकणाला नावं ठेवायची नाहीत, पश्चिमेचं क्षितिज तिथं जसं खाली पाण्यापर्यंत उघडं मिळतं तसं आपल्याकडं मिळत नाही, पण डिसेंबरात बघण्यासारखं जे आहे ते सगळं पूर्वेला न् दक्षिणेला आहे.

मग कॅलेंडर काढलं. डिसेंबरातली अमावस्या १९ तारखेला, शुक्रवार. आणि ती मार्गशीर्ष अमावस्या, म्हणजे येळवस! लातूर-धाराशिवकडं हे सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी : वेळ अमावस्येला आमच्याकडं अख्खं गाव शेतात असतं, शाळेला सुट्टी, बाजारपेठ बंद, कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडून पूजा, आंबील, भज्जी, उंडे, खीर, आणि दिसेल त्या अनोळखी माणसाला हाताला धरून जेवायला बसवायचं. संध्याकाळी सगळे घरी. मी ग्रुपवर एवढंच टाकलं की वर्षातल्या चांगल्यातल्या चांगल्या अंधाऱ्या रात्री आपण सगळे आधीच रानात असतोय, फक्त संध्याकाळी घरी जायचं नाही. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही, मग अंगठ्यांची रांग लागली.

१२ नोव्हेंबर

जागा. ग्रुपवर जो तो एक नाव टाकायलाय.

नळदुर्गचा किल्ला, रात्री थांबू देत नाहीत. येडशीचं रामलिंग, अभयारण्य आहे बाबांनो, सूर्यास्तानंतर आत थांबायचा विषयच नाही. उदगीरजवळचं हत्तीबेट, उंचवटा चांगला पण मुक्कामाला पोरी घेऊन जायचं तर सोय नाही. खरोसा लेणीची टेकडी, हेच. माकणीचं धरण कुणीतरी सुचवलं, पाण्याच्या कडेला म्हणून, त्यांना समुद्राची भूक तिथं भागवायचीय, पण डिसेंबरात पाण्याच्या कडेला पहाटे धुकं बसतं आणि दुर्बिणी चिंब. आणि सप्टेंबरच्या पुरानंतर नदीकाठच्या रानातल्या वाटा कुठं खचल्यात कुठं वाहून गेल्यात ते दिवसा बघितल्याशिवाय रात्री गाडी घालणं बरं नाही.

राहता राहिलं शेत. दोन पर्याय आहेत. एक दोस्ताचं रेणापूरकडं, लातूरच्या उत्तरेला. दुसरं मामाचं औसा तालुक्यात, लातूरच्या दक्षिणेला, डांबरी रोडपासून बरंच आत.

इथं थोडं डोकं चालवावं लागलं. ध्रुवतारा आपल्या अक्षांशाएवढाच वर दिसतो, लातूरचा अक्षांश साधारण साडेअठरा, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम अठरा अंश वर. मामाच्या शेतातून उत्तरेला लातूर, म्हणजे शहराचा उजेड नेमका ध्रुवाच्या खाली. रेणापूरच्या शेतातून ध्रुव स्वच्छ, पण मग लातूरचा उजेड दक्षिणेला येतो, आणि दक्षिणेला कोण आहे तर अगस्त्य. तो पण आपल्याकडून जास्तीत जास्त एकोणीस अंशांपर्यंतच वर येतो. दोन्हीतलं एकच मिळणार. ध्रुव काय, वर्षभर आहे तिथंच आहे. अगस्त्य हा व्याधानंतरचा आकाशातला दुसऱ्या नंबरचा तेजस्वी तारा, आणि दिल्लीच्या लोकांना तो क्षितिजाला घासून जाताना दिसतो, आपल्याला मात्र चांगला वर येऊन भेटतो, त्याला उजेडात का बुडवायचं. मामाचं शेत फायनल.

मामाला फोन केला. आधी त्याला वाटलं येळवशीच्या जेवणाचं विचारायलोय. मग म्हणला, "रातच्याला शेतात येऊन काय बघायलाव रे तुमी? आमी रोज बघतोव की, दारं धरताना." (दारं धरणं म्हणजे पिकाला पाणी देणं.) मामा म्हणजे होकार असा सरळ कधी देत नाही पण नाही म्हणला नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पाहणी. मी, लॅबवाला दोस्त आणि त्याची मोठी दुर्बीण (सहा इंची डॉबसोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण, गाडीच्या मागच्या सीटवर माणसासारखी बसवून आणली, बेल्ट लावून). अमावस्या होऊन दोनच दिवस झालेले, चंद्राची बारीक कोर सव्वासातच्या सुमारास मावळली. नगरपरिषदेच्या निवडणुकीचे भोंगे औशातून रोडपर्यंत ऐकू येत होते, आत आल्यावर बंद.

अंधार मोजायची आमची पद्धत साधी आहे. जॉन बॉर्टल नावाच्या अमेरिकन निरीक्षकानं २००१ साली अंधाराचे नऊ वर्ग पाडलेत, एक म्हणजे काळंकुट्ट आणि नऊ म्हणजे मोठ्या शहराचा मध्य. यंत्र नसलं तरी डोळ्यांनी अंदाज येतो. कृत्तिकेचे तारे मोजा, देवयानीतली दीर्घिका (गॅलक्सी) नुसत्या डोळ्यांना दिसते का बघा, आकाशगंगेचा पट्टा कळतो का बघा. क्लासच्या गच्चीवरून कृत्तिका म्हणजे एक पुसट डाग, लक्ष देऊन चार तारे. इथं अर्धा तास डोळे अंधाराला सरावल्यावर सहा सरळ दिसले, नजर जरा तिरकी ठेवली की आठ. दोस्त नऊ म्हणतोय, मी त्याला एक सूट दिली. देवयानी दीर्घिका दिसली, सरळ बघितलं की विरघळते, बाजूला बघितलं की येते. लातूरचा उजेड उत्तरेला हातभर वर आलाय, ध्रुव त्यातून दिसतो पण बिचारा एकटाच. पूर्वेला एका साखर कारखान्याचा पिवळा ठिपका आणि चिमणीचा धूर, गळीत हंगाम आहे, त्याला इलाज नाही.

मामा मफलर बांधून आला आणि दुर्बिणीकडं ढुंकूनही न बघता पूर्वेकडं हात केला, "तिकांडं निघालं बगा." आठ वाजत होते, मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे नुकतेच हरभऱ्याच्या रानावर आले होते. मग म्हणला की येळवशीला तिकांडं माथ्यावर आलं की अर्धी रात, संक्रांतीला साडेधालाच येतंय, लाईट रातची असली की आमी त्याच्यावरच उठतोव, मोबाईल पाण्यात कोण न्यावा. मी रूमवर आल्यावर ॲपमध्ये तपासलं. १९ डिसेंबरला मधला तारा मध्यमंडलावर (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, महिन्याला दोन तास. पोरांना हे मी फळ्यावर शिकवतो आणि परीक्षेत त्यातल्या अर्ध्यांचं चुकतं!

अडचणी कळल्या त्या अशा. थ्री फेज लाईट, म्हणजे शेतातल्या पंपाची वीज, रात्रीची असली की आजूबाजूच्या रानात लोक गहू-हरभऱ्याला पाणी देत फिरतात, कपाळाला बॅटरी, आणि माणूस आवाज दिला की आधी तुमच्या तोंडावर उजेड मारून मग विचारतो कोण हाय. येळवशीच्या रात्री पाणी कुणी देत नाही, तेवढं सुटलो. दुसरी अडचण मोठी, शेताच्या तोंडाला पाणंदीवर ग्रामपंचायतीचा सोलरचा दिवा आहे, आणि तो नेमका आग्नेयेला, सगळ्या हिवाळी ताऱ्यांच्या आड.

२७ नोव्हेंबर

दिव्याचं काम. सोलरच्या दिव्याला बटण नसतं. वरच्या पॅनेलवर ऊन पडायचं थांबलं की त्यातलं सर्किट समजतं रात्र झाली आणि दिवा लावतं, म्हणून तो बंद करायचा तर खोलावा लागणार आणि पंचायतीच्या वस्तूला आपण हात लावायचा नाही. सरपंचांना भेटलो. ते आधी म्हणले अर्ज करा, मग म्हणले कशाला अर्ज, एक रात पोतं घाला आन् सकाळी काढा. शिडी कुणाची, पोतं कुणाचं यावर चहा झाला. युरियाचं पोतं पांढरं असतं, उजेड आरपार येतो, ज्वारीचं तागाचं पोतं पाहिजे, दोन घालून सुतळीनं आवळायचं. मामाच्या सालगड्यानं खांबाला टेकून शिडी लावून करून दाखवलं, उतरल्यावर खालून बघितलं तर एका भोकातून बारीक उजेडाची काडी येतच होती, तिथं चिखल लिंपला. एलईडी आहे, तापत नाही, पोतं जळायची भीती नाही, तरी पहाटे काढायचं ठरलंय.

३० नोव्हेंबर

आज दिवसभर ग्रुपवर धूमकेतू. थ्री-आय ॲटलस १९ डिसेंबरला पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येणार हे खरं आहे, आणि आपली रात्र नेमकी तीच हा योगायोग पण खरा आहे, त्यामुळं लोकांना वाटायलंय की मी मुद्दाम तारीख धरली. एकानं फॉरवर्ड टाकलंय की ते परग्रहवाल्यांचं यान आहे आणि सरकार लपवायलंय. दुसऱ्याची आई म्हणते अमावस्या आणि धूमकेतू एकाच दिवशी, पोराला पाठवू का नको.

एकदाच नीट लिहून टाकलं ते इथं पण ठेवतो. हा १ जुलै २०२५ला चिलीमधल्या ॲटलस दुर्बिणीनं शोधला. आपल्या सूर्यमालेच्या बाहेरून आलेली आजवर माहीत झालेली ही तिसरी वस्तू, पहिली २०१७ची ओमुआमुआ, दुसरा २०१९चा बोरिसोव्ह. जवळ म्हणजे किती जवळ, तर सुमारे सत्तावीस कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या जवळपास पावणेदोनपट, आपल्या वाटेला तो कुठंच येत नाही. डोळ्यांना दिसणार नाही, हातातल्या दुर्बिणीतून नाही, आमच्या सहा इंचीतून पण दिसेल असं मी कुणालाच कबूल करणार नाही. सिंह राशीच्या दिशेला आहे, मध्यरात्रीनंतर ती दिशा दाखवीन, बघणाऱ्यानं बघितल्यासारखं करावं.

शनीचं पण आधीच सांगून ठेवलं. सगळ्यांना शनीची कडी बघायचीत आणि यंदा नेमकी ती कडेवरून दिसायलीत. मार्चमध्ये पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, नंतर थोडी उघडली आणि आता नोव्हेंबरच्या शेवटी परत जवळजवळ मिटली. पुढची काही वर्षं ती रुंद होत जातील, सगळ्यात रुंद २०३२च्या आसपास. शुक्र न् मंगळ दोघंही सूर्याच्या पलीकडं, तेही नाहीत. गुरू आहे मात्र, आणि तो एकटा बाकीच्यांची भरपाई करतो.

७ डिसेंबर

परवानग्या. पोरांचं काही नाही, पोरींच्या होस्टेलच्या रेक्टर मॅडम म्हणल्या रात्रीचं शेतात, अजिबात नाही. बरोबरच आहे त्यांचं. मग मामी, दोन मावश्या आणि क्लासच्या बायोच्या मॅडम मुक्कामाला राहतील असं लिहून दिलं, आखाड्यातली (म्हणजे शेतातल्या वस्तीवरची) खोली पोरींसाठी, संडासची सोय शेजारच्या काकांच्या शेतातल्या घरात, पालकांच्या सह्या, आणि मॅडमना म्हणलं तुम्हीच चला. त्या यायला तयार झाल्या! त्यांचं माहेर निलंग्याकडचं, येळवस लातुरात राहून चुकते म्हणून चिडलेल्याच होत्या.

बिबट्याचं पण विचारलं कुणीतरी, सध्या रोज एक व्हिडिओ फिरायलाय. आमच्या शिवारात कुणी बघितलेला नाही, पण ऊस आहे, रानडुकरं तर आहेतच, म्हणून नियम एकच, उसाच्या बाजूला कुणी एकटं जायचं नाही, लघवीला पण जोडीनं.

लाल उजेड : स्टेशनरीतून लाल जिलेटिन कागद आणला, दोन पदर करून टॉर्चच्या तोंडाला रबरानं बांधायचा. लाल उजेडानं डोळ्यांचा अंधाराचा सराव फारसा मोडत नाही, पांढरा एकदा डोळ्यात गेला की परत वीस-तीस मिनिटं थांबा. मोबाईलचं काय करायचं यावर तासभर चर्चा. जमा करायचे म्हणलं तर आया फोन करतात आणि उचलला नाही तर पोलिसात जातील. शेवटी ठरलं की मोबाईल आखाड्यात, मावशीपाशी, ज्याला घरी बोलायचंय त्यानं आत जाऊन बोलायचं.

मावशीला हे काम दिल्यावर ती जितकी खूश झाली तितकी मी तिला कधी बघितली नव्हती.

१४ डिसेंबर, रविवार (रात्रीची नोंद सकाळी लिहायलोय)

रंगीत तालीम म्हणून काल १३ तारखेची रात्र धरली कारण मिथुन राशीतला उल्कावर्षाव, जेमिनिड्स, १३-१४च्या रात्री भरात असतो. चंद्र उगवणार दोनच्या सुमारास, तोवर मोकळं रान. फक्त आम्ही मोठे चौघं.

हा उल्कावर्षाव जरा वेगळा आहे. बाकीचे बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे, याचा उगम फेथन नावाचा लघुग्रह, १९८३ साली सापडलेला. धुळीचे कण सेकंदाला पस्तीस किलोमीटर वेगानं वातावरणात येतात, हे उल्कांमध्ये निवांतच म्हणायचं, त्यामुळं बघ बघ म्हणेपर्यंत दिसत राहतात. अकरा ते बारा मी एकट्यानं पाठीवर पडून मोजल्या, सत्तेचाळीस, आणि त्यातल्या पाच-सहा अशा की मामा सुद्धा "आरारारा" म्हणला. एक तर पश्चिमेला इतकी मोठी गेली की ज्वारीच्या ताटांची सावली पडल्यासारखं वाटलं, दोस्त म्हणतो भास आहे, असेल.

तालमीचा खरा फायदा दवाचा झाला. अकरानंतर दव असं पडायला लागलं की सतरंजी ओली, ताऱ्यांचा तक्ता ओला, हातातल्या दुर्बिणीच्या काचा पुसल्या की परत धूसर. पुसायचं नाही, पुसलं की चरे पडतात. इलाज म्हणून योगा मॅटचा तुकडा गुंडाळून मोठ्या दुर्बिणीच्या तोंडावर हातभर पुढं नळकांडं केलं, त्यानं काच उघड्या आकाशाकडं उष्णता कमी फेकते आणि दव उशिरा धरते. हातातल्या दुर्बिणी दोन, एक वापरात आणि एक जॅकेटच्या आत, आलटून पालटून. सतरंजीखाली आधी ताडपत्री, वर वाकळ. आणि थंडी, बापरे, कानटोपीशिवाय आलेल्याला गाडीतून उतरू द्यायचं नाही.

१७ डिसेंबर

याद्या झाल्या. ट्रॅव्हलर ठरली, सकाळी दहाला निघायचं म्हणजे येळवशीचं जेवण पण होईल. वर्गणी प्रत्येकी दीडशे, त्यात गाडी निघते, जेवणाचे पैसे मामानं घेतले नाहीत आणि विषय काढला तर रागावला. यंदा सोयाबीन पाण्यात गेलेलं, बांध फुटलेले, तरी मामी म्हणते भज्जी तेवढीच करायची जेवढी दरवर्षी.

वेळापत्रक मुद्दाम सैल ठेवलंय. सूर्यास्त ५:५० च्या आसपास, पूर्ण अंधार सात-दहाला. त्या वेळी देवयानी दीर्घिका उत्तरेकडं माथ्याजवळ, शनी दक्षिणेला उंच. साडेसातच्या पुढं गुरू पूर्वेला. व्याध साडेसात-पावणेआठ. अगस्त्य साडेआठनंतर, पण बघण्यासारखा बारा-एकला. झोपायचं त्यानं झोपावं.

२० डिसेंबर, शनिवार, दुपार

झोप झालेली नाही पण आत्ता लिहिलं नाही तर राहून जाईल.

दिवस येळवशीत गेला, त्याचं काय लिहायचं, एवढं खाल्लं की दोन पोरं कोपीशेजारीच आडवी झाली. होस्टेलच्या मेसचं खाणाऱ्या पोरांना मामीनं उंडा आणि भज्जी वाढताना मी नुसता बघत होतो, नको म्हणायला तोंड रिकामं पाहिजे ना. संध्याकाळी चुलीवर बोळक्यात दूध उतू घातलं, कडब्याची पेंढी पेटवून मामानं पिकाभोवती फेरी मारली, पोरं मागं ओरडत पळाली. या धुराचा मला जरा घोर होता, पण वारा पडलेला नव्हता, सातपर्यंत सगळं निवळलं. गाडीरस्त्यावर गावाकडं परतणाऱ्यांच्या हेडलाईटची रांग साडेसातपर्यंत चालली, तेवढा वेळ सगळ्यांना पाठ करून बसवलं. पोतं आधीच घातलेलं.

साडेसातनंतर शिवारात आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

पहिल्यांदा देवयानी. डोळ्यांनी बरोबर बघता येईना म्हणून शर्मिष्ठेच्या टोकापासून वाट दाखवली. हा उजेड निघाला तेव्हा पंचवीस लाख वर्षांपूर्वीचा काळ होता म्हणल्यावर एक पोरगा म्हणला, "सर, मग आता ती तिथं हाय का नाही कुणाला म्हाईत." आहे रे बाबा, दीर्घिकेच्या हिशेबात पंचवीस लाख वर्षं म्हणजे काहीच नाही. शनीला रांग लागली. कडी म्हणजे दोन्ही बाजूंना निघालेली बारीक रेघ, सुईत मणी ओवल्यासारखी. मला वाटलं पोरं हिरमुसणार, आधी सांगून ठेवलं होतं म्हणून असेल, उलट त्यांना तीच बघायची होती, अशी परत तेरा-चौदा वर्षांनी दिसणार म्हणून. गुरू वर आल्यावर त्याच्याशेजारी रांगेत ठिपके, गॅलिलिओनं १६१०च्या जानेवारीत बघितलेले तेच चंद्र. मामी बघून म्हणाली, "हे रोज हितंच असतेत? का आज तुमच्यासाठी आलेत?" म्हणलं तासाभरानं परत बघा, सरकलेले दिसतील. तिनं खरंच तासाभरानं येऊन बघितलं आणि एक सरकलाय हे माझ्याआधी तिलाच कळलं.

मृगातला तेजोमेघ, तिकांड्याच्या खाली लोंबणाऱ्या ताऱ्यांतला मधला, साडेतेराशे प्रकाशवर्षांवर, तिथं नवे तारे तयार व्हायलेत. मोठ्या दुर्बिणीतून करडा पंखा दिसतो, फोटोतला गुलाबी रंग डोळ्यांना दिसत नाही, हे आधी सांगायला पाहिजे नाहीतर लोकांना दुर्बीण खराब वाटते.

बारा वाजून गेल्यावर जागे असलेले निम्मेच. तिकांडं माथ्यावर आलं तेव्हा मामानं हाक मारून सांगितलं, घड्याळात बारा-दहा. दक्षिणेला अगस्त्य ज्वारीच्या वर चांगला आला होता, पांढरा, स्थिर, त्याच्या खाली क्षितिजापर्यंत एकही दिवा नाही. जागेची सगळी भांडणं त्याच्यासाठी केली होती, वसूल झाली.

एकच्या पुढं सप्तर्षी उत्तर-पूर्वेला उभे राहिले, लातूरच्या उजेडातून निघून. आबा, मामाचे वडील, घोंगडी घेऊन येऊन बसले आणि ती म्हातारीच्या बाजेची गोष्ट सांगितली, चार तारे म्हणजे बाजेचे चार पाय, शेपटीतले तीन चोर. बायोच्या मॅडमनी विचारलं की हे सगळं कुणी शिकवलं, तर म्हणाले थोडं बापानं, बाकीचं भूकंपाच्या साली. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. "किती महिने घरात निजायची कुणाची छाती झाली न्हाई. पत्र्याखाली बी भ्या वाटायचं. लेकरं रडायली की वर बघा म्हणायचं." एवढंच बोलले आणि विडी पेटवायला मुद्दाम आखाड्याच्या मागं गेले, उजेड नको म्हणून.

धूमकेतूच्या दिशेला दुर्बीण लावली, दिसला नाही. तिघांनी दिसला म्हणून सांगितलं.

२२ डिसेंबर

हिशेब : गाडी आणि लाल कागद-सुतळी वजा जाता थोडे उरलेत, त्यातून दुसरी योगा मॅट. पत्रावळ्या दिवसाच सगळ्या गोळा झाल्या होत्या, रात्रीचे चहाचे कागदी कप मात्र सकाळी हरभऱ्यात सापडले, पुढच्या वेळी स्टीलचे पेले ज्याचे त्यानं आणायचे. पोतं सकाळी काढलं, सरपंच म्हणले ठेवा तिथंच, लागतंय की परत तुमाला. लाल जिलेटिन दवानं चिकटून गेलं, त्याच्याऐवजी टॉर्चच्या काचेला लाल नेलपॉलिश लावून बघायचं, पोरींनी सुचवलंय.

पुढची अमावस्या १८ जानेवारी, रविवार, पण सोमवारी क्लास असतो म्हणून १७चा शनिवार बरा, चंद्र उगवेल तो पहाटेच. गुरू १० जानेवारीला सूर्याच्या बरोबर समोर येतोय, म्हणजे रात्रभर आकाशात, आणि मृगाचा तेजोमेघ दहा-सव्वादहालाच दक्षिणेला उंच, बारापर्यंत पोरं परत होस्टेलला पोचू शकतील. तोवर ज्वारी हुरड्यात येईल असं मामा म्हणतो, यंदा पेरण्या उशिरा झाल्यात त्यामुळं त्याचं काही खरं नाही. आणि १७ तारखेला येळवस नाही, शेजारी पाणी द्यायला असणार. तेव्हा त्या आठवड्यात थ्री फेज दिवसाची आहे का रात्रीची ते मामानं विचारून सांगितल्याशिवाय ग्रुपवर तारीख टाकायची नाही.